चकती

कुमासीतल्या आमच्या आवारात खोल्या आठ, मीटर एक.
महिनाअखेरीला सेरवाबाई वही उघडून बसते:
बल्बचे इतके सेडी, पंख्याचे इतके,
झिनाबूच्या इस्त्रीचे दुप्पट,
देरीच्या फोनचा चार्जरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही.
"वीज काय माझ्या बापाच्या घरची?"
ती विचारते, आणि आम्ही खिसे चाचपतो.

या खेपेला आकडा ऐकून
झिनाबूनं इस्त्री आडवी ठेवली ती उभी केली.
"आज रात्री सगळं बंद," म्हणाली. "सगळं."

आठ खोल्या विझल्या.
पोरांना वाटलं, नेहमीसारखी गेली.
टॉर्चच्या वाटोळ्या उजेडात
आम्ही त्या जुनाट मीटरपाशी वाकलो.
चकती फिरत होती,
निवांत,
जेवण करून शतपावलीला निघाल्यासारखी.

वायर चाचपत गेलो भिंतीभिंतीनं,
तर बाईच्या पडवीत, मेणकापडाखाली,
घुरघुरणारा तो उंच फ्रिज,
ज्यातलं गार पाणी
आम्ही रोज पैसे मोजून पितो.

झिनाबूनं दार उघडलं.
मासळी. पाण्याच्या पिशव्या, एकीवर एक.
आणि दारातल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेली,
देरीच्या इन्सुलिनची बाटली.
दोन वर्षं आहे तिथं.
त्याचे पैसे वहीत कधीच लागले नाहीत.

कुणी काही बोलेना.
फ्रिजचा गारवा पायांवर येत राहिला.

मग देरीच पुढं झाला.
बाटली काढून शर्टाच्या खिशात ठेवली,
खिशाचं बटण लावलं.
"हं," म्हणाला,
"आता वाजवा तिची कडी."