नग एक

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विहाराची दानपेटी उघडते.
तीन किल्ल्या, तीन पंच, आणि लहानू बागडे,
चष्म्याची दांडी दोऱ्याने कानाला बांधून.
यंदा वैनगंगेच्या वाटेने परदेशी उपासक येऊन गेले
म्हणून मला बोलावणं:
"उत्पला, तुह्या त्या डब्यात पाय वो,
हे कोनकोनाचे पैसे हायेत."

सतरंजीवर ढीग.
येन, बाट, श्रीलंकेचे रुपये,
एका नोटेची लिपी कुणालाच लागेना.

कुणीतरी लिहून मोकळी सोडलेली छोटी लायब्ररी,
मी दोन ओळींत बोलावते, येते.
रकमेला ती नुसता आकडा म्हणू देत नाही,
पुढे चलन लागतंच,
आमच्याकडे नाव सांगितल्यावर
आडनाव विचारतात तसं.

हजार येन मोठे की तीनशे बाट?
आधी आजचा दर दे, म्हणाली, मग बोलते.
"बरोबर हाय तिचं," लहानूकाका म्हणाले,
"पायली आन् कुडो मी बी एका दमात नाई मोजत."

श्रीलंकेचा रुपया आणि आपला,
समान का?
उत्तर आलं: नाही.
"गावात तीन अशोक हायेत," एक पंच म्हणाले,
"उधारी एकाच्याच नावावर."

भोकाचं पितळी नाणं, पाच येन:
दोन रुपये ऐंशी पैसे.
कुणाच्या तरी पोरीने ते डोळ्याला लावलं,
यातून बुद्ध गोल दिसतो म्हणाली.

सहा हजार चारशे बारा, आणि पुढे
दशांशाची लांब शेपूट. ती लायब्ररीने छाटली.
अर्धा पैसा कुठं गेला,
काकांनी तीनदा विचारलं.

मग पेटी उलटी करून ठोकली तेव्हा
कोपऱ्यातून पडली पावली. चार आणे.
कुणाची, ते विचारावं लागलं नाही.
सत्यफुलाबाईकडे नवऱ्याच्या पानठेल्यातला
डबाभर उरलाय,
दर पौर्णिमेला त्यातली एक.

मी टाकून पाहिली.
शून्य पूर्णांक पंचवीस रुपये, लायब्ररी निमूट म्हणाली.
बँक घेत नाही, बाजार घेत नाही,
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लहानूकाकांना माहीत होतं.
पेनाचं टोपण दातात धरून ते बराच वेळ बसले.
मग येन-बाटांच्या खाली
'रक्कम' या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि लिहिलं:
पावली, नग एक. सत्यफुला वालदे.

त्या पानावर तेवढं एकच नाव आहे.

पेटी परत लावली.
तिसरी किल्ली अडते जरा,
तेल घालायचं राहूनच जातं.