टेबल नंतर बघू

शुक्रवारच्या बाजारात, अल-रायला,
पत्र्याच्या छपराखाली
वॉशिंग मशिनं, पाळणे, कुणाच्या तरी लग्नातला सोफा,
आणि त्यांच्यामागे, भिंतीकडे तोंड करून
शिक्षा झाल्यासारख्या उभ्या
सहा खुर्च्या. एकीला हात होते.

"महोगनी," अबू मिशारी म्हणाला. "इंग्लिशी. अस्ली."
तेल कंपनीच्या कुठल्याशा साहेबाच्या, अहमदीतल्या.
साहेब गेला, बंगला पाडला,
मग त्या कुठे कुठे बसल्या कोण जाणे.

मी फिटर माणूस. बोलण्यावर जात नाही.
एक उलटी केली, सांधा अंगठ्याने दाबला:
खिळा नाही, स्क्रू नाही, कुसू घट्ट.
पाठीला कोरलेली फीत, फितीला गाठ,
इतकी सैल की वाटावं, ओढली तर सुटेल.
नखाने रोगण जरा खरवडलं,
आत आगळासारखा रंग.

कुमुद लांब उभी, ओढणीने नाक झाकून.
आमच्या घरात तेवीस वर्षांत आलेली
प्रत्येक वस्तू
तीस किलोंत बसते का, हे सांगून आत आली.
घडीची खाट. घडीचं टेबल, तेही मागच्या वर्षी मोडलं.
"आणि जेवायचं टेबल?" तिने विचारलं.
"टेबल नंतर बघू."

एकीची गादी उचलली. खाली, आडव्या पट्टीवर,
पेन्सिलीने काढलेला बारीक गोल.

इकडे पाच असा लिहितात.
आलो त्या आठवड्यात, जूनमध्ये, कॅम्पच्या नाक्यावर
पाच नंबरची बस समोरून तीनदा गेली.
शून्याला मी कशाला हात करू?
चौथ्यांदा ड्रायव्हरनेच थांबवली, दया येऊन.

तर पाच. पाचवी खुर्ची.
पण साहेबाचा सुतार आमच्याकडचाही असेल,
बोटीने आलेला, कानावर पेन्सिल.
मग शून्य?
सुतार शून्यापासून मोजत नाही.
की टोक काढल्यावर नुसतं करून पाहिलेलं काहीतरी?
बाकीच्या पाचही उलट्या केल्या.
कशावरच काही नाही.

अबू मिशारीने पाच बोटं दाखवली, दर खुर्चीला.
मी तीन.
"वल्ला, लाकूड बघ!"
म्हटलं, हा मागचा पाय बघ, बदललाय, सागाचा आहे.
तो गुडघ्यावर बसला. खरंच बघितलं त्याने,
पायावरून हात फिरवला, घोड्याच्या फिरवावा तसा.
"बावीस," तो उठून म्हणाला, "सगळ्या मिळून,"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की खुर्च्या त्याने आत्ताच, पहिल्यांदा, पाहिल्या होत्या
आणि आत्ताच विकल्या होत्या.

फरवानियात लिफ्ट बंद. चौथा मजला.
हाफ-लॉरीवाला शेरजमान दोन-दोन खुर्च्या
खांद्यावर घेऊन चढला, मी एकेक.
हॉलमध्ये ठेवल्या, आपोआप गोलात.
मधे काही नाही.
कुमुदने त्याला पाणी दिलं. बसा म्हणाली.
"कपडे गंदे हैं, बाजी."
"बसा हो."
तो हातांच्या खुर्चीवर बसला, कडेला,
हात खुर्चीच्या हातांना लागू न देता,
आणि पाणी संपेपर्यंत
पेशावरजवळच्या कुठल्याशा गावातल्या
अक्रोडाच्या झाडाबद्दल बोलत राहिला,
जे त्याच्या भावाने विकलं.

रात्री जेवलो. ताट मांडीवर डुगडुगलं,
आमटी सांडेल म्हणून कुमुदने स्वतःचं
शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. मग मीही.
दोन माणसं, चार खुर्च्या भरल्या.
दोन उरल्या: एक हातांची, आणि एक
बहुतेक ती गोलाची.
नक्की सांगता येत नाही.
परत उलटी करावी लागेल.