तिकीट

एकतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होतो.
स्वारगेट ते धायरी, धायरी ते स्वारगेट.
पंच टकटकवत विचारायचो, बोला, कुठलं?
तिकीट कुणाला नाकारलं नाही.
सुट्टे नसले तर मागे लिहून द्यायचो:
तीन रुपये येणे.

मालनने बावीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या झटकल्या.
सभेला टेम्पो भरून बायका नेल्या,
सगळ्यांची नावं पाठ, कुणाला गुडघ्याचं काय तेही.
पाण्यासाठी पालिकेच्या दारात हंडा घेऊन बसली
तेव्हा पेपरात फोटो आला, हंड्याचा.
डावीकडे तिचं कोपर आहे.
कात्रण अजून कपाटात आहे.

या खेपेला सोडतीत आमचा प्रभाग महिलांना सुटला.
पोरांनी रातोरात फ्लेक्स लावला,
भावी नगरसेविका, सौ. मालनताई रणपिसे.
छपाईवाल्याने तिला इतकी गोरी केली होती
की चौकात थांबून ती म्हणाली,
ही कुठल्या वॉर्डातली?

मुलाखतीला सव्वीस इच्छुक.
सकाळी दहाची वेळ, नंबर लागला साडेपाचला.
तिने सांगितलं, साडेचारशे घरांत मला चहा मिळतो.
ते म्हणाले, ते ठीक आहे ताई, आकडा सांगा.
तिने पुन्हा साडेचारशेच सांगितला.

मग कागद. घरपट्टीचा, पाणीपट्टीचा,
थकबाकी नसल्याचा,
आणि आम्ही घरचाच संडास वापरतो याचाही दाखला.
एवढं स्वच्छ आम्ही लग्नातसुद्धा नव्हतो.

शेवटच्या दिवशी तीनपर्यंत मुदत.
क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात ती फाईल मांडीवर घेऊन बसली,
एबी फॉर्म येतोय, निघालाय, सिंहगड रोडला अडकलाय.
दोन चाळीसला आला.
आमच्या समोरून वर गेला,
बिल्डर शितोळ्यांच्या सुनेबरोबर,
जिच्या गळ्यातल्या उपरण्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग फोन. वरून आलंय, ताई. पुढच्या वेळी नक्की.

हे वाक्य मी ओळखतो.
फुटबोर्डवर उभं राहून हजारदा म्हटलंय,
पुढं व्हा, मागची गाडी रिकामी येतीये,
आणि डबल बेल मारलीये.
मागे बहुतेक वेळा गाडी नसायची.
वर लिहिलंय ना, कुणाला नाकारलं नाही,
ते तेवढं खोडा.

पोरं म्हणाली, काकू, अपक्ष भरा,
कपबशी मिळेल, शिट्टी मिळेल.
तिने घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं होती.
ती पाण्याची बाटली शोधत राहिली,
जी माझ्या हातात होती,
आणि मी काही बोललो नाही.
का, ते तिने अजून विचारलेलं नाही.

येताना बसनेच आलो.
कंडक्टर कोवळा, गळ्यात मशीन.
मी पास काढेपर्यंत तिने नोट पुढे केली,
दोन धायरी.
मशीनच्या तिकिटाची शाई आठवड्यात उडते, तिला माहीत नव्हतं.
दाखल्यांच्या फाईलमध्ये ठेवलंय तिने ते.

फ्लेक्स आता गॅलरीत,
कुरडयांवर झाकायला. छापील बाजू खाली.

परवा कार्यालयातून पुन्हा फोन,
शितोळेवहिनींची पदयात्रा आहे, ताई,
चाळीस बायका तरी हव्यात.
मालनचे हात पिठाचे होते.
मी स्पीकर लावून मोबाईल ओट्यावर ठेवला.
ती जराशी वाकून, अगदी माझ्या चालीत म्हणाली,
पुढं व्हा. मागची गाडी रिकामी येतीये.