भोंगा

पोरांना शाळेतून काढलं त्या जूनमध्ये
सगळ्या पेठेला माझी काळजी लागली.
कामटमबाई, पुढं काय?
दुधाच्या रांगेत विचारणारे
माझ्याऐवजी पोरांकडं बघायचे,
जणू दोघांना ताप आलाय.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक फळा होता,
कपाटाच्या दाराला काळा रंग देऊन केलेला.
कपाट उघडलं की १८१८ साल
भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं.

मग आम्ही भुईकोटात गेलो, तिकीट काढून,
यांच्या मागावरचं टाकाऊ सूत घेऊन.
खंदकाच्या कडेनं पद्मजा धागा सोडत निघाली.
मध्येच तुटला. तिनं गाठ मारली,
बापासारखीच, टोक दातानं तोडून.
घरी येऊन मोजला.
"एवढा खंदक म्हणजे एकशे बारा चादरी,"
तिनं वहीत लिहिलं.
मी खोडलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी
घरात मार्शल लॉ लावला.
बाहेर जायचं नाही, दिवा लावायचा नाही,
पांढरी टोपी दिसली की जप्त.
अर्ध्या तासात मार्कंडेय रडायला लागला.
खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती.
मी म्हणणार होते, अरे, चौघं फासावर गेले,
आणि तू कुल्फीसाठी...
नाही म्हटलं.
तीस सालीही या गल्लीत
एखादं पोर असंच कशासाठी तरी रडलं असेल.
त्याचं नाव कुठल्या चौकाला नाही.

गिरणीचा धडा मात्र अडला.
तिथं आता नुसती भिंत, भिंतीआड बाभळी.
भोंगा म्हणजे काय? पद्मजानं विचारलं.
आवाज, मी म्हटलं.
कसा?

म्हणून नरसय्यामामांना चहाला बोलावलं.
बत्तीस वर्षं स्पिनिंग खात्यात,
अर्धे कान तिथंच राहिलेले.
चहा संपवून त्यांनी कवळी काढली,
रुमालात ठेवली,
तोंडाशी दोन्ही हातांची ओंजळ धरली
आणि पोटातून, अगदी खालून,
जिथं माणूस भूक ठेवतो तिथून,
तो आवाज वर आणला.

समोरच्या गॅलरीत भाकरी थापणारा हात थांबला.
अंबादासअप्पांनी मनगट पाहिलं,
घड्याळ नसलेलं.
पलीकडच्या व्यंकम्मानं
विड्यांचं सूप मांडीवरून उतरवलं
आणि पायानंच चप्पल चाचपायला लागली.

"हा पहिला," मामा म्हणाले,
"दुसऱ्याला गेट लागतं. पळ!"

मार्कंडेय खरंच पळाला.
जिना उतरून, गल्ली ओलांडून,
बाभळींच्या भिंतीपर्यंत.
परत आला तेव्हा छाती भात्यासारखी.

"गेट लागलं होतं," तो म्हणाला.

मामांनी कवळी बसवली, पुसली नाही.
"मग खाडा," ते म्हणाले,
आणि त्याच्याकडं असं बघितलं
जसं बरोबरीच्या माणसाकडं बघतात.