एकोणऐंशी आणि ऐंशी

नागदेवी स्ट्रीटवर, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात,
शिडी चढून पोटमाळ्यावर गेलं की यंत्र.
अठ्ठ्याऐंशी सालचं, कपाटाएवढं,
आणि अख्ख्या पेढीत एसी फक्त त्याला.
खालचे हमाल अधूनमधून वर यायचे,
"साहेब, काही हवंय?" विचारायचे
आणि दोन मिनिटं गार होऊन जायचे.

माझं काम एवढंच: त्याच्या पोटातलं सगळं काढून
क्लाउडवर ठेवायचं.
ढग म्हणायचं, पण भाडं दरमहा.

वायरसाठी लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं हिंडलो.
चौथ्याने ड्रॉवर उपसला, फुंकर मारली,
म्हणाला, हिचं शेवटचं गिऱ्हाईक तुम्हीच.

पहिल्या रात्री आलं ते वाचताच येईना.
आपल्याकडे ए म्हणजे पासष्ट,
त्याच्याकडे एकशे त्र्याण्णव.
आकडे दोन-दोन एका खोलीत,
शेवटच्या खोलीच्या अर्ध्या भागात नुसती खूण:
सी असेल तर येणं, डी असेल तर देणं.
आम्ही कुंभारवाड्यात एका खोलीत सात जण होतो.
मला ही मांडणी कळायला वेळ लागला नाही.

नावं विसाव्या अक्षरावर कापलेली.
कोणाचा 'अँड सन्स' गेला, मुलं राहिली बाहेर.
सालाला दोनच घरं, फोन सहा आकडी.
हे सगळं जुळवलं.

जुळेना ते एकोणऐंशी आणि ऐंशी.
ओळीची शेवटची दोन घरं.
कागदावर लिहिलेलं: रिकामी, वापर नाही.
पण एक्केचाळीस खात्यांत तिथे आर आणि व्ही.

मुर्तझाभाईंनी फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी
मुलुंडहून प्रमिला शिरगावकर आल्या.
चौऱ्याहत्तर वर्षं. शिडीला हात न लावता वर.
पडदा पाहिला, चष्मा पुसला,
परत पाहिला.

"रेवा दो," म्हणाल्या.
मला वाटलं, मलाच सांगतायत, राहू द्या.
"अहो, तेच ते. आर, व्ही.
मोठे शेठ खालून ओरडायचे, प्रमिलाबेन, आने रेवा दो.
कोणाचं दुकान जळलेलं, कोणाचा मुलगा गेलेला.
कारण मी विचारलं नाही. ते सांगतही नसत.
रक्कम पुसता येत नव्हती, ताळेबंद जुळायला हवा.
मग मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली:
इथे आरव्ही दिसलं, तर मागणीचं पत्र छापू नकोस."

"शेठना माहीत होतं?"
"त्यांना एवढंच माहीत, की पत्र जात नाही."

एक्केचाळीस खाती. अठरा हजार सहाशे बारा रुपये, चाळीस पैसे.
मुर्तझाभाई म्हणाले, बुडीत टाका, बंद करा.
बाई त्यांच्याकडे वळल्या, लहानपणी त्यांना
टाइपरायटरवर बोटं ठेवायला शिकवलेलं असावं, तशा:
"बुडीत म्हटलं की खातं मिटतं.
उद्या तो माणूस मोळे घ्यायला आला
तर त्याला काय, तुझं नाव नाही म्हणून सांगणार?"
मुर्तझाभाई बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
पंखा बंद होता.

नव्या सिस्टिमला रिकामं घर चालत नाही.
मी एक रकाना वाढवला. तिने विचारलं, नाव?
आर, व्ही.
वर्णन? लाल अक्षरांत: अनिवार्य.
मी बाईंकडे पाहिलं. त्या पर्समधून
बसचं तिकीट काढत होत्या, भाड्याच्या व्हाउचरला लावायला.
मी वर्णनात एक पूर्णविराम दिला.
चाललं.

सव्वासहाला यंत्र बंद केलं.
आवाज थांबल्यावर कळलं, आवाज होता.
शिडीखालून हमाल ओरडला,
"साहेब, आता एसी खाली घेऊ का?"