खूण

उद्यमबागेतल्या फाउंड्रीची रात्रपाळी संपली की
उजव्या हाताची करंगळी मी गरम पाण्यात बुडवतो.
सरळ होत नाही ती.
एक्क्याण्णव साली भरमाणीच्या एका चेंडूनं वाकवली,
तेव्हापासून त्याच्याच बाजूची आहे.

भरमाणी उचगावकर. डावखुरा.
कॉलेजात पिचर, गावात धोंडेफेक्या,
आणि वडील म्हणायचे,
"बटाट्याचं पोतं उचलताना कुठं जातोय रे हा हात?"
बेसबॉल म्हणजे काय, टिळकवाडीत चौघांना ठाऊक.
बाकीचे थांबून विचारत, स्टंप कुठं गेले?

मी कॅचर. म्हणजे उकिडवा बसलेला माणूस.
मांड्यांच्या आडोशाला बोटं धरून खूण करायची.
एक, सरळ.
दोन, वळणारा.
आमच्या संघात मराठी होती, कन्नड होती,
शिव्यांना तर उर्दूही लागायची.
बोटांना काहीच लागायचं नाही.

हुबळीची फायनल. मी दोन बोटं दाखवली.
त्यानं वळवला. धारवाडचा गडी हवेला बॅट मारून परत गेला.
पुन्हा दोन. पुन्हा दोन.
सातव्या डावात तो खांदा चोळत होता. मला दिसलं.
मी दोन बोटं दाखवली.
नवव्यात त्यानं टोपी काढली, घातली, माझ्याकडं बघितलं.
मी दोन बोटं दाखवली.
तो नाही म्हणाला नाही.

कप आला, जीपच्या बॉनेटवर, गुलालात, किर्लोस्कर रोडवरून.
खांदा आला नाही.
निवड शिबिरातून पाचव्या दिवशीच परतला,
बॅग दुसऱ्याच्या हातात.

मग काय. दुधाची गाडी, विम्याचे फॉर्म,
मग सासऱ्याच्या ओळखीनं खानापूरच्या शाळेत
क्रीडा मार्गदर्शक, तात्पुरता.
तात्पुरत्याला बावीस वर्षं झाली.
पोरं अठरा, ग्लोव्ह सहा.
आणखी चार अथणीच्या चप्पलवाल्याकडून शिवून आणले.
त्यानं हा खेळ जन्मात बघितला नव्हता.
असे करकरायचे, की चेंडू बसला
का देवळाबाहेर कुणी पायताण काढलं, कळायचं नाही.

रेषा तो स्वतः आखतो.
सिमेंटच्या पोत्यात चुना, पोत्याला भोक, आणि उलटं चालायचं.
म्हशी ओलांडतात. पुन्हा आखतो.
"आमच्या भागात रेषेचं कसं असतंय," म्हणतो,
आणि पुढं बोलत नाही.

परवा फोन आला, "ये की. कॅचर तापानं पडलाय."
छप्पन्नाव्या वर्षी उकिडवा बसलो.
गुडघ्यांनी अख्ख्या मैदानाला सांगितलं.
समोर मल्लव्वा. नंदगडच्या हमालाची पोर, चौदाची, डावखुरी.
तीन चेंडू आले, तिन्ही तळहातात निखाऱ्यासारखे.
चौथ्याला, सवयीनं, मी दोन बोटं दाखवली.

तिनं मान हलवली.

दिसलं नसेल. पुन्हा दोन.
पुन्हा मान. वर मोठ्यानं, "बेडा!"

मी भरमाणीकडं बघितलं.
तो पहिल्या बेसपाशी, पाठ करून,
रिकामं पोतं झटकत होता. बराच वेळ झटकत होता.
सातवीतलं एक पोरगं धावत आलं मला समजावायला,
"काका, सरांनी पहिल्यांदा हेच शिकवलंय.
आठवडाभर चेंडूच दिला नाही,
नुसतं उभं करून मान हलवायला लावली."

मी एक बोट दाखवलं.
सरळ आला.

सामान ठेवायच्या खोलीची किल्ली उंच खिळ्यावर असते.
ती काढायला त्यानं मल्लव्वाला सांगितलं.
चहा झाला. पोरांच्या वयाचं, चुन्याच्या भावाचं बोललो.
त्या फायनलचं नाही.

सहाच्या बसला खिडकी मिळाली.
मी मान हलवून बघत होतो, डावीकडं, उजवीकडं,
जमतंय का.
कंडक्टर तिकिटांचं यंत्र घेऊन पुढ्यात उभा,
तिसऱ्यांदा विचारत होता,
"बेळगावच ना?"