इतिवृत्तातली एक ओळ

पोलो ग्राउंडच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर,
इंदूर विभागाची पुढली पंधरा वर्षं ठरतायत.
बोलणारे नऊ. लिहिणारी मी एकटी.
कोण काय म्हणालं ते नोंदवायचं,
खोकले वगळून.

श्रीखंडेसाहेबांनी भिंतीवर अख्खा दिवस टाकला:
मागणीची रेषा,
दुपारी पाठ खोलगट, संध्याकाळी सातला वशिंड.
"दुपारी ऊन ठेवायला जागा नाही,
आणि सूर्य घरी गेला की सगळं शहर जागं होतं.
याला मी काय करू?"
शेवटचं वाक्य मी गाळलं.

मग नर्मदा आली.
जलूदहून, इतके कोस, घाट चढून,
पंपांच्या खांद्यावर बसून.
राजोरिया मॅडम म्हणाल्या, आपण पाणी पीत नाही, वीज पितो.
सगळ्यांनी समोरचे पेले जरा जपून उचलले.
"पंप दुपारी चालवा. उंचावरल्या टाक्या उन्हातच भरून घ्या.
रात्री पाणी आपल्या पायांनी उतरेल."
हे मी जसंच्या तसं लिहिलं
आणि खाली रेघ ओढली.

'स्वच्छ' या शब्दावर पावणेदोन तास.
साहजिक आहे,
ज्या गावात कचऱ्याची गाडी गात गात येते
आणि माणसं ओल्या-सुक्याचे डबे घेऊन दारात उभी असतात,
तिथं या शब्दाचा अभिमान असायचाच.
'स्वस्त' या शब्दावर चार मिनिटं.
कुणीतरी म्हणालं, 'परवडणारी' लिहा, भारदस्त वाटतं.
लिहिलं.
कुणाला, असा रकाना तक्त्यात नव्हता.

माझे ब्लाउज शिवते ती चंपाबाई कोरी,
परदेशीपुऱ्यात, बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत.
मीटरचा आकडा रोज खडूने दारावर लिहिते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
पंचवीस तारीख उलटली
की मशीनच्या मोटरचा पट्टा काढून खुंटीला अडकवते
आणि उरलेला महिना पायाने चालवते.
गुडघे कुरकुरतात. युनिट वाचतात.
भिंतीवरच्या त्या वशिंडात
तिची एक सुई आहे,
रेषेच्या जाडीहून बारीक.

मुद्दा अकरा मी घरी जाऊन टाइप केला:
'वीज इतकी स्वस्त असावी
की पंचवीस तारखेनंतर कुणाला मशीन पायाने चालवावं लागू नये.'
बोलणाऱ्याच्या नावापुढे जागा कोरी सोडली.

सोमवारी श्रीखंडेसाहेब सहीला बसले.
दहा पानं भराभर उलटली, अकराव्या मुद्द्यावर थांबले.
"हे कोण म्हणालं?"
"आठवत नाही सर. तेव्हा कुणीतरी खोकत होतं."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पेनाचं टोपण उघडलं.
मी खोडण्याची वाट पाहत होते.

'मशीन'च्या आधी, बारीक अक्षरात,
त्यांनी 'शिलाई' हा शब्द घातला.